तुमच्या मुलांच्या पुस्तकात युद्ध कधी सुरू होतं?

लेस्टर, इंग्लंड (धागा काढणारी)

लेक सहावीत आहे. इथे प्राथमिक शाळेत दुसरं महायुद्ध बहुतेकांना कधी ना कधी असतंच. मागच्या महिन्यात तिला गळ्यात नावाची चिठ्ठी आणि खांद्याला पुठ्ठ्याचा डबा अडकवून शाळेत पाठवलं. १९३९ मध्ये बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने मोठ्या शहरांतली मुलं आईवडिलांशिवाय खेड्यांकडे पाठवली गेली, त्यांच्यासारखं. डब्यात गॅस मास्क असायचा म्हणे. आमच्या डब्यात चकल्या होत्या.

मग गृहपाठ आला: घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आपल्या माणसांनी युद्धात काय केलं? साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. आई म्हणाली, "मामंजी मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, इटलीत. त्यावर कधी बोलले नाहीत. थंडी पडली की तेवढं म्हणायचे, ही कसली थंडी!" लेकीने विचारलं, "मग पणजोबा आपल्या बाजूने होते का?"

आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. आपल्या म्हणजे कोणाच्या? १९४४ साली इटलीत लढताना रायगड जिल्ह्यातले यशवंत घाडगे पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हिंदी सैन्यात पंचवीस लाख माणसं होती. लेकीच्या वर्गाच्या भिंतीवर यातलं काही नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्या साताऱ्याच्या शाळेतही नव्हतं.

तुम्ही जिथे आहात तिथे शाळा हे कसं शिकवते, ते लिहा. पाहिलेलं, ऐकलेलं, चार ओळीसुद्धा चालतील. भांडण नको.

म्युनिक

बव्हेरियात शाळेतर्फे छळछावणीच्या स्मारकाला भेट देणं हा शिक्षणाचाच भाग आहे. आमच्यासाठी ते स्मारक म्हणजे दाखाऊ. म्युनिकहून लोकलने वीसपंचवीस मिनिटं, पुढे बस. छावणी मार्च १९३३ मध्ये उघडली, म्हणजे हिटलर सत्तेवर आल्यावर दोन महिन्यांच्या आत. मुलीच्या बाईंनी हेच आधी फळ्यावर लिहिलं होतं. युद्ध १९३९ चं, पण धडा १९३३ पासून सुरू. मुलं तिथून आली की घरी काय बोलायचं, याच्या सूचना पालकांना आल्या होत्या. आम्ही वाचून ठेवल्या, पण ती आली आणि आंघोळ करून झोपली. काहीच बोलली नाही.

बोलली ती पुढच्या उन्हाळ्यात. माझे बाबा पुण्याहून आले होते. ट्राममध्ये पोरं दंगा करत होती, तर बाबा नेहमीच्या सुरात म्हणाले, "यांना हिटलरच पाहिजे." मराठीत म्हणाले, पण तेवढा एक शब्द अख्ख्या ट्रामला कळला. मुलगी लालबुंद झाली आणि पुढच्याच स्टॉपला आम्हाला उतरवलं. फुटपाथवर उभं राहून तिने आजोबांना जे सुनावलं, ते मी इथे लिहीत नाही. बाबा बिचारे मनाने अजिबात वाईट नाहीत. आपल्याकडे तो शब्द कडक हेडमास्तरांसाठी वापरतात, आणि त्याचं आत्मचरित्र फुटपाथवर गाइडांच्या शेजारी विकायला असतं. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात त्याला एक परिच्छेद होता, बहुतेक "कारणे लिहा" साठी.

हिगाशी-हिरोशिमा

मुलगा तिसरीत. सहा ऑगस्टला सुट्टीतही शाळेत बोलावलं होतं. सव्वाआठला घंटा झाली आणि एवढीशी पोरं मान खाली घालून उभी. त्याआधी दोन आठवडे घरभर कागदाचे बगळे. सादाको सासाकी दोन वर्षांची असताना बॉम्ब पडला, बाराव्या वर्षी ती रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिच्या आठवणीत मुलं हे बगळे करतात. माझा एकही नीट होत नाही, मान वाकडीच होते.

हे सगळं फार मनापासून शिकवतात, यात शंका नाही. पण मुलाच्या तोंडून मी जेवढं ऐकलं, त्यात युद्ध आकाशातून पडतं. जपान चीनमध्ये काय करत होता, ते मोठ्या वर्गात येतं, आणि किती येतं ते पुस्तकावर अवलंबून. पुस्तकं सरकार तपासून मंजूर करतं. १९८२ मध्ये "आक्रमण" की नुसतं "आगेकूच", एवढ्या शब्दावरून चीन आणि कोरियाने केवढा गहजब केला होता. माझे प्रयोगशाळेतले जपानी सहकारी यावर हसतात आणि विषय बदलतात.

एक गंमत. मी भारतीय म्हटल्यावर एका म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि न्यायमूर्ती पाल, न्यायमूर्ती पाल म्हणत राहिले. मी हो हो म्हटलं आणि घरी येऊन शोधलं. राधाबिनोद पाल, टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यात सगळ्या आरोपींना निर्दोष म्हणणारे एकटे न्यायाधीश. त्यांनी जपानच्या अत्याचारांवर पांघरूण घातलं नव्हतं, निकाल दिला तो कायद्याच्या मुद्द्यावर. शेजाऱ्यांना त्यातला पहिलाच भाग माहीत होता.

सेंट पीटर्सबर्ग

मेडिकलला आहे, त्यामुळे शाळेचं ऐकीव. इथल्या मुलांसाठी युद्ध २२ जून १९४१ ला सुरू होतं. नावही वेगळं, महान देशभक्तीचं युद्ध. जर्मनांनी या शहराला, तेव्हाच्या लेनिनग्राडला, वेढा घातला होता. त्यातल्या सगळ्यात वाईट दिवसांत कामगार नसलेल्यांना रोज १२५ ग्रॅम पाव मिळायचा. वेढा उठल्याच्या दिवशी, २७ जानेवारीला, तेवढा तुकडा मुलांच्या हातावर ठेवतात. रूममेटने मला कँटीनमध्ये कापून दाखवला. आपली निम्मी भाकरी. त्यात अर्धं कोंडा-भुसा असायचं, असं तो म्हणाला.

अश्दोद, इस्राएल

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे रेवदंड्याचे. इथे शोआच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, स्मृतिदिनी सकाळी दहाला भोंगा वाजतो, दोन मिनिटं रस्त्यावरच्या गाड्या जिथल्या तिथे थांबतात. शाळेत त्याची तयारी बालवर्गापासून या ना त्या रूपात असतेच.

माझ्या भाचीला सातवीत "मुळं" नावाचा प्रकल्प होता, घराण्याचा इतिहास लिहायचा. वर्गात बहुतेकांकडे पोलंड, रोमानिया, हंगेरी, आणि कोणाचे तरी गेलेले. तिने माझ्या आईला विचारलं, "आजी, आपल्यातले कोण गेले त्यात?" आई म्हणाली, "आपल्यात कोणी नाही गं. तेव्हा आम्ही तेल गाळत होतो." पोरगी रडायलाच लागली. तिला वाटलं, आपल्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही.

मग आई बसली तिच्याजवळ. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे, आणि त्यावरून कोणी मारलं नाही की हाकललं नाही, हे तिने लिहवून घेतलं. शेवटी मलिद्याची कृती. बाई म्हणाल्या, हे वर्गात वाचून दाखव. तिने दाखवलं, पण मलिद्याचं पान गाळून. ते का, ते अजून सांगत नाही.

बे एरिया

सॅन ब्रुनोच्या टॅनफोरान मॉलमध्ये मी दहा वर्षं खरेदी केली. मुलाच्या वर्गात फ्रेड कोरेमात्सुचा दिवस असतो, ३० जानेवारीला. युद्धात जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, त्याविरुद्ध कोर्टात लढलेला हा माणूस. त्यामुळे कळलं की तिथे पूर्वी घोड्यांचं रेसकोर्स होतं आणि १९४२ मध्ये जपानी वंशाच्या अमेरिकन कुटुंबांना तिथल्या तबेल्यांत ठेवलं होतं. देशभरात असे सुमारे सव्वा लाख लोक. आता तिथल्या बार्ट (लोकल रेल्वे) स्टेशनजवळ पुतळा आहे, दोन लहान मुलींचा. मी तो पाहिला होता, पाटी वाचली नव्हती.

दुबई

शाळेचं नाही, पण चालेल का बघा. रूममेट लाहोरचा. १९६५ चं युद्ध त्याच्या पुस्तकात ६ सप्टेंबरला सुरू होतं आणि ते जिंकतात. माझ्या पुस्तकात त्याआधी काश्मीरमध्ये घुसखोरी होते, आपण जिंकतो आणि ताश्कंदला शास्त्रीजी जातात. दोघांनाही बक्षिसाचे मार्क मिळाले. १९७१ वर आम्ही बोलत नाही, कारण तिसरा रूममेट बांगलादेशातल्या सिल्हेटचा आहे.

वॉर्सा

मी कोल्हापूरची. सेंट पीटर्सबर्गवाल्यांनी २२ जून लिहिलं म्हणून मुद्दाम. इथल्या पुस्तकात सुरुवात दोनदा होते: १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनी येतो, १७ ला सोव्हिएत फौजा. त्या दुसऱ्या तारखेनंतर लाखो पोलिश लोक सायबेरियाकडे नेले गेले. त्यातले सुटलेले इराणमार्गे भारतात आले, आणि १९४३ ते ४८ सुमारे पाच हजार जण आमच्या वळिवड्यात राहिले. बायका-मुलंच जास्त.

लेकाच्या मास्तरांनी मला विचारलं, तुम्ही कुठल्या? कोल्हापूर म्हटल्यावर त्यांनी वर्गाला उभं केलं. मला वाटलं, काय चुकलं की काय! इथं, युद्धात पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या नवानगरच्या (जामनगरच्या) जामसाहेबांच्या नावाची शाळा आहे, "भल्या महाराजाचा" चौक आहे, कोल्हापूरचं स्मारकसुद्धा आहे. वर्गात मला वळिवड्याबद्दल बोलायला लावलं. मला काय ठाऊक? आमच्या शाळेत पंचगंगा, रंकाळा, शाहू महाराज. एवढंच आठवलं की आजी सांगायची, गोऱ्या बायका मंडईत येऊन मराठीत भाव करायच्या आणि एक आणाही सोडायच्या नाहीत. तेच सांगितलं. मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, माझ्या पणजीची बहीण अशीच होती.

कुणी कोल्हापूरचं असेल तर सांगा, ती छावणी नेमकी कुठं होती?

कोल्हापूर

ताई, तुम्ही हजार वेळा गेला असाल. पोलिश लोक गेल्यावर तिथं सिंधी निर्वासित आले. आत्ताचं गांधीनगर. दिवाळीची कापडं कुठनं घ्यायचा?