सिमेंट स्वस्त झालं तर मुंबईतला फ्लॅट स्वस्त होईल का?

नवखा_ग्राहक: सिमेंट, सळई, मजुरी यांचे दर मुंबईत आणि नाशकात फार वेगळे नाहीत. मग फ्लॅटच्या भावात इतकं अंतर कसं? शिवाय कमाई आता आयटी आणि बँकांची. जमिनीला एवढं महत्त्व का?

वजाबाकी: बिल्डर जमिनीचा भाव उलटा काढतो. आकडे नमुन्याचे, दर चौरस फुटाला: विक्री ३०,०००. बांधकाम ५,५००, मंजुऱ्या व पालिका-सरकारला द्यायचा प्रीमियम ४,०००, व्याज व विक्रीखर्च ३,५००, नफा ५,०००. उरले १२,०००, तेवढे तो जमीनमालकाला देऊ शकतो. बांधकाम ५०० नं उतरलं तर शेजारचा बिल्डर त्याच प्लॉटला १२,५०० ची बोली लावतो. तुमचा दर जागच्या जागी. उलट विक्रीदर १० टक्के पडला आणि बाकी खर्च तोच राहिला, तर जमिनीचा भाव २५ टक्के कोसळतो. तेजीत १२,००० नं प्लॉट घेऊन बसलेले तिथेच अडकतात. अशा वेळी भाव उतरण्याआधी काम थांबतं.

आयटीचं म्हणाल, तर पगार वाढले की ऑफिसजवळच्या त्याच मोजक्या घरांवर बोली चढते. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोनं १८१७ मध्ये हेच मांडलं होतं: धान्य महाग म्हणून खंड (जमिनीचं भाडं) जास्त, खंड जास्त म्हणून धान्य महाग नव्हे.

चाळीचा_जिना: भाडं कायद्यानं गोठवलं तर जमिनीच्या वाट्याची ही शिल्लक नाहीशी होत नाही, खिसा बदलते. मुंबईत १९४७ च्या कायद्यानं भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. १९९९ चा कायदा वर्षाला ४ टक्के वाढ देतो, पण २०० रुपयांवर ४ टक्के म्हणजे ८ रुपये! त्यात गळकी गच्चीही दुरुस्त होत नाही. बाजारभाड्यातला फरक मग पागडीतून, म्हणजे जागा देताना घेतल्या जाणाऱ्या एकरकमी रकमेतून, वसूल होतो. त्याच कायद्याच्या कलम ५६ नं ती घेणं वैधही झालं.

नवखा_ग्राहक: मग मेट्रोमुळे चढलेला भाव कोणाचा?

वजाबाकी: बराचसा स्टेशनजवळच्या मालकांचा. मुंबईत मुद्रांक शुल्कासोबत घराच्या किमतीच्या १ टक्का मेट्रो अधिभार आहे, पण तो खरेदीदार भरतो, तोही व्यवहार झाला तरच. प्लॉट न विकता धरून बसणारा त्यातून सुटतो. हाँगकाँगची रेल्वे कंपनी मार्ग होण्याआधीच्या जमीनभावानं सरकारला प्रीमियम भरून स्टेशनवरचे बांधकामहक्क घेते, आणि वाढलेल्या भावातला हिस्सा रुळांच्या खर्चाला लावते. इथे ते करायचं तर मार्ग जाहीर होण्याआधी जमीन हातात हवी.