तोंडाभोवती काळं पडलंय, ट्यूब थांबवली की आग होते. दुसरी कोणती लावू?

द्राक्षबाग_तासगाव

नमस्कार. माझं वय ३४. तासगाव तालुक्यात राहते. दोन वर्षं होत आली, तोंडाभोवती काळं पडलंय. वरच्या ओठावर मिशीसारखी पट्टी आहे, दोन्ही कोपऱ्यांना गडद आणि खाली हनुवटीपर्यंत उतरत गेलंय. बाकीचा चेहरा नितळ आहे, त्यामुळे तेवढंच उठून दिसतं. हळदीकुंकवाला गेलं की कुणी ना कुणी विचारतंच, "तोंडाला काय झालं गं?" मागच्या महिन्यात नणंदेच्या मुलीच्या लग्नात मी फोटोला उभीच राहिले नाही.

सुरुवात बेदाण्याच्या हंगामात झाली. आमची दोन एकर बाग आहे, बेदाणा आम्ही शेडवरच करतो. फेब्रुवारीपासून दिवस दिवस रॅकजवळ उभं राहायचं. धूळ, ऊन आणि गंधकाची धुरी, म्हणून स्कार्फ नाकातोंडावर घट्ट आवळून बांधते. घामाने भिजला तरी संध्याकाळपर्यंत सोडत नाही. त्या वाऱ्यात ओठ फुटायचे, मग जिभेने सारखे ओले करायची सवय लागली. कोपऱ्यांना लाल होऊन खाज सुटायची. खाज गेली, काळं मात्र राहिलं.

बेसन-हळद झाली, साय झाली, बटाट्याचा रस झाला. पार्लरमध्ये ब्लीच केलं तर आठवडाभर कातडी सोलत होती. मग शेजारच्या वहिनींनी एक ट्यूब सांगितली. मेडिकलमध्ये नाव सांगितल्याबरोबर मिळाली, कुणी चिठ्ठी मागितली नाही. चौथ्या दिवशी फरक! आठ दिवसांत तोंड उजळलं. मला वाटलं, सुटले. पुतणी दहावीला आहे, तिला मुरमांच्या डागांसाठी मीच ती दिली.

आता चौदा महिने झाले. एक रात्र नाही लावली तर सकाळी तोंडाभोवती आग होते, बारीक पुटकुळ्या येतात आणि काळेपणा पहिल्यापेक्षा जास्त दिसतो. दर महिन्याला वरच्या ओठाचं थ्रेडिंग करते. कुठल्या गोळ्या चालू नाहीत. ही ट्यूब आता लागू पडत नाही असं दिसतंय. यापेक्षा चांगली कोणती ते कुणी सांगेल का?

वाईची_मावशी

बाळा, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. आमच्याकडे लिंबाची फोड मधात बुडवून चोळायचे आणि थोडा वेळ कोवळ्या उन्हात बसायचे. माझ्या कोपरांचा काळेपणा त्यानेच कमी झाला. करून बघ.

मेडिकल_कोरेगाव

ताई, दुसऱ्या ट्यूबचं नाव मी देणार नाही. २१ वर्षं मेडिकल चालवतोय आणि कळवळून सांगतोय, आधी हातातल्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं एखादं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन लिहिलं असेल तर ते तिघांचं मिश्रण. वांगावर त्वचारोगतज्ज्ञ ते देतात, पण रात्री, पातळ थर, मोजके आठवडे आणि मग बंद. वर्षभर लावायला नव्हे. २०१८ पासून अशी स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत.

चौथ्या दिवशी फरक पडला, त्यातच फसगत आहे. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, कातडी फिकी दिसते. रोज लावत राहिलं की कातडी पातळ होत जाते. मग ऊन, साबण, टूथपेस्टचा फेस, काहीच तिला सोसत नाही. लावायचं थांबवलं की दबलेलं सगळं उसळून येतं. माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावतो. तुम्ही आत्ता या फेऱ्यात आहात. "लागू पडत नाही" असं तुम्ही लिहिलंय, पण त्रास त्या ट्यूबचाच असावा असं मला वाटतं.

आरशात एक बघा. ओठाला अगदी लागून एक बारीक कड स्वच्छ राहिलीय आणि तिच्या बाहेर पुटकुळ्या आहेत, असं आहे का? तसं असेल तर पेरिओरल डर्मटायटिस, म्हणजे तोंडाभोवतीच्या कातडीचा दाह, असू शकतो. चेहऱ्यावर स्टेरॉइड लावणाऱ्यांना तो होतो. पण नक्की काय ते डॉक्टरांनी बघून सांगायचं, मी काउंटरच्या अलीकडून नाही.

आणि मुळात काळं का पडलं? आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला कुठेही इजा झाली की ती तिथे जास्तीचा रंग तयार करते. डास चावला तरी पायावर महिनाभर डाग राहतो, तसंच हे. तुमच्या तोंडाभोवती तर इजा रोजच होत होती. ओठ चाटणं, ओला स्कार्फ, थ्रेडिंग, ब्लीच. वर ऊन. एक बरं होईपर्यंत दुसरं. कातडीला उसंतच मिळाली नाही.

मावशींनी मायेनं सांगितलंय, पण लिंबू चोळून उन्हात मुळीच बसू नका. लिंबाच्या सालीत अशी द्रव्यं असतात की त्यावर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि तिथे राहिलेले काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत.

काउंटरला गर्दी असली की नाव घेऊन मागितलेली ट्यूब मीही पूर्वी दिली आहे. नंतर एक कॉलेजची मुलगी गालावर लव आणि लाल रेषा घेऊन आली. तिला पहिली ट्यूब माझ्याकडूनच गेली होती. तेव्हापासून चिठ्ठी बघितल्याशिवाय मी देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

डॉक्टरांकडे जाताना ट्यूब बरोबर न्या, लपवू नका. मनाने एकदम तोडलीत तर पुढचे काही आठवडे फार जड जातात आणि त्यात माणूस परत फिरतो. त्यांच्या सल्ल्याने सोडा. पुतणीलाही घेऊन जा.

पोवईनाका_सातारा

माझं दुखणं वेगळं आहे, पण लिहितो, कारण मला कळायला तीन वर्षं लागली. खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याला नाण्याएवढा जांभळट-काळा गोल डाग. अधूनमधून तो लाल व्हायचा, चुरचुरायचा, एकदा फोडही आला, आणि दर वेळी पहिल्यापेक्षा काळा होऊन बसायचा. जागा मात्र तीच. मला वाटायचं, नागीण उठते. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "आधीच्या दोन दिवसांत कोणती गोळी घेतली होती?" आठवत गेलो तर प्रत्येक वेळी पोट बिघडलेलं आणि जुलाबाची तीच गोळी घेतलेली. तिच्यातलं ऑर्निडाझोल मला चालत नाही. याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. काहींना दुखण्याच्या गोळ्यांनी होतं, काहींना सल्फाच्या. गोळी बंद झाली आणि डाग हळूहळू फिकटला. आता औषधाचं नाव लिहिलेला कागद पाकिटात असतो, कुठल्याही दवाखान्यात आधी तो दाखवतो. ज्यांना असं वाटतंय त्यांनी खात्री करायला म्हणून ती गोळी पुन्हा घेऊ नये.

मिरजेची_आई

माझ्या लेकीचं सांगते, वय १७. तोंडाभोवती काळं, आणि मानेवर मळाचा थर असावा तसं. मी बिचारीला अंघोळीच्या दगडाने मान घासायला लावायची. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, तरी मी थांबायची नाही. ते आठवलं की अजून जीव तुटतो. तो मळ नव्हताच. हात फिरवला तर मखमलीसारखं जाडसर लागायचं, काखेतही तसंच. डॉक्टरांनी नुसतं बघूनच रक्त तपासायला सांगितलं. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी ६.१ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. पाळीही अनियमित होती, सोनोग्राफीत पीसीओडी, म्हणजे बीजकोशांचा हार्मोन्सशी संबंधित त्रास, निघाला. तिला कसलीही ट्यूब दिली नाही. चालणं, वजन, खाण्यात बदल आणि पाळीचे उपचार. वर्षभरात सात किलो कमी झाले आणि मान कुणी न घासता उजळली. तोंडाभोवतीचंही बरंच गेलं.

तासगावच्या ताई, तुमची मान आणि काख स्वच्छ असेल तर तुमचं हे नसावं. तरी साखर एकदा बघून घ्या.

मेडिकल_कोरेगाव

मिरजेच्या ताईंनी फार महत्त्वाचं लिहिलं. त्याला जोडून एवढंच, की हिरड्या, गालाची आतली बाजू, तळहाताच्या रेषा काळवंडत असतील आणि त्याबरोबर अशक्तपणा, वजन उतरणं, उभं राहिल्यावर चक्कर असं असेल तर आधी फिजिशियनकडे जा, आणि लवकर. अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा, म्हणजे मूत्रपिंडांवर असलेल्या छोट्या ग्रंथींचा, आजार असू शकतो. आमच्या भागात आया-आज्या मिश्री लावतात, त्यांच्या ओठा-हिरड्यांचा काळेपणा बहुतेक तंबाखूचा असतो. पण तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली तर ती मिश्रीवर ढकलून घरी बसू नये.

द्राक्षबाग_तासगाव

पाच आठवड्यांनी लिहितेय. ट्यूबवर मोमेटासोन होतं, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही होतं. चौदा महिने हातात धरली होती आणि एकदाही वाचली नव्हती.

मिरजेला शासकीय दवाखान्यात स्किनच्या ओपीडीत गेले. सकाळच्या पहिल्या गाडीने निघाले तरी रांग होतीच. आत तरुण मॅडम होत्या. ट्यूब टेबलावर ठेवली, तेव्हा ओरडा बसेल म्हणून मान खाली घातली होती. त्या ओरडल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शेडवर बांधता तसा स्कार्फ आता बांधून दाखवा." पर्समध्ये होताच, बांधला. त्यांनी मोबाइलमध्ये फोटो काढला, मग स्कार्फ सोडायला लावून दुसरा काढला आणि दोन्ही माझ्यापुढे धरले. खालची काळी पट्टी जिथे संपते, बरोबर तिथेच स्कार्फची आवळलेली कड बसत होती. दोन वर्षं मी ती पट्टी आरशात बघत होते आणि तोच स्कार्फ रोज सकाळी गच्च आवळत होते. मला काही बोलताच येईना.

मग अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली चेहरा बघितला. म्हणाल्या, बराचसा रंग वरच्या थरात आहे, तो जाईल. थोडा खोल उतरलाय, त्याला वेळ लागेल. चार ते सहा महिने धरून चला. पेरिओरल डर्मटायटिसही निघाला. ओठाजवळची ती स्वच्छ कड त्यांनीच बोट लावून दाखवली, कोरेगावच्या दादांनी लिहिल्यासारखी.

ट्यूब बंद केली. आग कमी व्हायला टॅक्रोलिमसचं, स्टेरॉइड नसलेलं मलम आणि काही आठवड्यांसाठी गोळ्या दिल्या. गोळी सुरू करायच्या आधी दिवस गेले नाहीत ना, हे विचारून घेतलं. डाग घालवायचं औषध लगेच नाही दिलं. म्हणाल्या, चिडलेल्या कातडीवर ते लावलं तर पुन्हा काळं पडेल. पुटकुळ्या बसल्या की अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड सुरू करू. सनस्क्रीन एसपीएफ ३०च्या वरचं, रंग असलेलं, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा उजेडही अडवतं आणि त्या उजेडानेही आपली कातडी काळी पडते. शेडवर दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचं. ओठांना साधी व्हॅसलीन, जिभेला जिथल्या तिथे ठेवायची. थ्रेडिंग आणि ब्लीच बंद, लव फारच वाटली तर लहान कात्रीने कापायची. झणझणीत पुदिन्याची टूथपेस्ट बदलली, आणि दात घासल्यावर कोपऱ्यातला फेस नीट धुवायचा. स्कार्फ मऊ सुती, सैल, आणि दोन बरोबर ठेवायचे. पहिला भिजला की दुसरा. साखर आणि थायरॉइड दोन्ही ठीक आले.

पहिले अठरा दिवस फार वाईट गेले. तोंड लाल, सुजल्यासारखं, रात्री आगीने झोप नाही. एका रात्री उठून कपाट उघडलं होतं, जुनी ट्यूब तिथे असती तर लावलीच असती. ती मॅडमनी ठेवून घेतली होती. विसाव्या दिवसापासून आग उतरली. आता पुटकुळ्या जवळजवळ नाहीत. काळं अजून आहे, खोटं सांगत नाही. पण कोपरे थोडे निवलेत, हात लावला तर कातडी कातडीसारखी लागते.

मावशी, तुमचा राग नाही. तुम्ही विचारलंत हेच खूप.

पुतणीला त्या वेळी नेलं नाही, परीक्षा होती. ट्यूब काढून घेतली असं मला वाटलं होतं. परवा जाऊबाई तिचं दप्तर आवरत होत्या, त्यात नवीन निघाली. तिने खाऊच्या पैशातून आणलेली. तिच्यावर मी कुठल्या तोंडानं रागावू? माझे दोन्ही फोटो तिला दाखवले, सुरुवातीचा आणि अठराव्या दिवसाचा. बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, "काकू, मलाही आग होते गं, सांगितलं नव्हतं." गुरुवारी पहिल्या गाडीने तिला मिरजेला घेऊन जातेय.