निळा रंग आणि पट्टे एकाच टोमॅटोत आणायचे आहेत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरी टोमॅटोचा संकर केलेल्या किंवा शेतकी कॉलेजात पीक पैदास शिकलेल्या कोणाचा तरी सल्ला हवा आहे. 'इंडिगो रोझ' आणि 'ग्रीन झेब्रा' यांच्या संकराची दुसरी पिढी या उन्हाळ्यात फळली. काही झाडांना गडद निळी-जांभळी फळं आली, काहींना पट्टेरी आली. दोन्ही गुण एकत्र मात्र एकाही झाडावर नाहीत. हा निव्वळ योगायोग आहे की त्यामागे काही कारण आहे? आणि बी नेमकं कोणत्या झाडांचं धरू?

मी ओरेगन राज्यात, पोर्टलंडच्या पश्चिमेला बीव्हर्टनला राहते. 'इंडिगो रोझ' इथलाच. कोर्व्हॅलिसच्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत जिम मायर्स यांच्या गटाने तो तयार केला आणि २०१२ पासून त्याचं बी सगळ्यांना मिळू लागलं. टोमॅटोच्या रानटी भाऊबंदांकडून साध्या संकराने दोन जनुकं त्यात आणली आहेत. 'एएफटी' हे दक्षिण अमेरिकेतल्या सोलॅनम चिलेन्सेकडून आलेलं आणि प्रभावी. 'एटीव्ही' हे गालापागोस बेटांवरच्या सोलॅनम चीझमॅनीकडून आलेलं आणि अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून मिळालं तरच दिसणारं. दोन्ही जमले की सालीत अँथोसायनिन भरपूर साठतं. जांभळाला आणि वांग्याला रंग देणारी रंगद्रव्यं याच कुळातली. रंग फक्त सालीत, गर लालच. आणि ऊन लागेल तिथेच तो चढतो. देठाची पाकळी उचलून पाहिली तर खाली हिरव्या चांदणीचा ठसा दिसतो, तो मला फार आवडतो.

'ग्रीन झेब्रा' टॉम वॅग्नर यांचा, १९८३ सालचा. पिकला तरी हिरवाच राहतो, फक्त पट्ट्यांमधली जागा पिवळसर होते. पट्ट्यांचं जनुक 'जीएस', तेही अप्रभावी.

संकर नेहमीच्या पद्धतीने केला. 'इंडिगो रोझ'ची कळी उमलायच्या आदल्या दिवशी, पाकळ्या फिक्या पिवळ्या असतानाच, चिमट्याने परागकोशांची नळी अलगद काढून टाकली. दुसऱ्या दिवशी 'ग्रीन झेब्रा'च्या उमललेल्या फुलाला इलेक्ट्रिक टूथब्रश टेकवून पराग काळ्या काचेवर झाडले, कुक्षीला लावले आणि देठाला लाल दोरा बांधला. पहिल्या पिढीची फळं लाल निघाली, पट्टे नाहीत, खांद्यावर जांभळी झाक. म्हणजे संकर झाला होता याची खात्री पटली.

दुसऱ्या पिढीची वीसेक रोपं लावली. माझा हिशेब असा: पट्टेरी पावपट, एटीव्हीची जोडी पावपट, एएफटी पाऊणपट. गुणाकार केला तर चौसष्टात तीन, म्हणजे वीस-एकवीस झाडांत एक. प्रत्यक्षात पट्टेरी पाच मिळाली आणि गडद निळी चार, पण दोन्ही असलेलं एकही नाही. इतक्या कमी झाडांत एखादा गुण हुकू शकतो हे मला कळतं. पण पट्टेरी पाचांपैकी एकही गडद नाही आणि गडद चारांपैकी एकावरही पट्टा नाही, हे मनाला पटत नाही.

वाफे मोजकेच आहेत. मार्चमध्ये घरात दिव्याखाली बी पेरायचं, मेच्या मध्यावर रोपं बाहेर लावायची, आणि सप्टेंबरअखेर पाऊस सुरू झाला की करपा येऊन सगळं आटोपतं. वर्षाला एकच पिढी हाती लागते, म्हणून निवड नीट विचार करून करायची आहे.

आणखी एक, कारण ओळखीचे लोक हेच विचारतात: हा जनुकबदल केलेला टोमॅटो नाही. तो वेगळा. इंग्लंडमधल्या नॉरिचच्या जॉन इनेस सेंटरमध्ये कॅथी मार्टिन यांनी स्नॅपड्रॅगनच्या फुलातली जनुकं घालून तो केला, २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि २०२४ पासून अमेरिकेत घरगुती बागेसाठी त्याचं बी विकत मिळतं. त्याचा गरही जांभळा असतो. मला मात्र साध्या संकरातूनच काम करायचं आहे.

प्रतिसाद १

आधी एक तपासा. पिकलेल्या गडद फळावर उन्हाकडच्या बाजूला पट्टे असले तरी जांभळ्या रंगाखाली झाकले जातात. फळ फिरवून बुडाशी आणि पानाआडच्या बाजूला बघा. वेलीवर अजून कच्ची फळं असतील तर आणखी सोपं: पट्टे कच्च्या फळावरही गडद हिरवे दिसतात.

धागाकर्ती

बघितलं. गडद झाडांची आतल्या बाजूची कच्ची फळंही उलटून पाहिली. पट्टा नाही.

प्रतिसाद २

तुमची शंका बरोबर आहे. गुणाकार चुकतोय, कारण तो तेव्हाच लागू पडतो जेव्हा जनुकं एकमेकांपासून स्वतंत्र असतात. एटीव्ही आणि जीएस दोन्ही सातव्या गुणसूत्रावर आहेत, तेही त्याच्या लांब भुजेवर, एकमेकांपासून फार लांब नाहीत.

तुमच्या पहिल्या पिढीत एका गुणसूत्रावर 'गडद, बिनपट्टा' होतं आणि दुसऱ्यावर 'फिकं, पट्टेरी'. पराग आणि बीजांडं तयार होताना बहुतेक वेळा हीच जोडी जशीच्या तशी पुढे जाते. दोन्ही गुण एकत्र यायचे तर मधल्या भागात अदलाबदल व्हावी लागते, आणि त्यातही आई-बाप दोघांकडून तसं गुणसूत्र यावं लागतं.

समजण्यापुरतं धरू की शंभरातल्या दहा जननपेशींत अशी अदलाबदल होते. त्यातल्या पाचांत 'गडद, पट्टेरी' एकत्र येतील. दोन्हीकडून तेच येण्याची शक्यता वीसात एक गुणिले वीसात एक, म्हणजे चारशेत एक. वीस झाडांत ते दिसण्याची आशाच नको. अंतर कमी असेल तर प्रमाण आणखी घटेल.

पण चारशे झाडं लावायची मुळीच गरज नाही. पट्टेरी झाडं घ्या. त्यांच्याकडे जीएसची जोडी आहेच. वरच्याच हिशेबाने त्यांच्या दर दहा गुणसूत्रांपैकी एकावर एटीव्ही दडलेलं असेल, म्हणजे साधारण पाच पट्टेरी झाडांत एक वाहक. तुमच्याकडे पट्टेरी पाच आहेत. प्रत्येकाचं बी वेगळं धरा, मिसळू नका. ज्यांच्या खांद्यावर थोडी तरी जांभळी झाक आहे त्यांना प्राधान्य द्या, कारण तिथे एएफटी नक्की आहे.

आता खरी सोय. एटीव्हीच्या जोडीचा रंग फळापर्यंत थांबत नाही. अशी रोपं लहानपणीच ओळखू येतात, भरपूर उजेडात खोड आणि पानांच्या शिरा जांभळ्या होतात. म्हणून मार्चमध्ये प्रत्येक झाडाच्या वीस-पंचवीस बिया एकेका ट्रेमध्ये पेरा, दिवा जवळ ठेवा, थोडा गारवा राहू द्या. वाहक झाडाच्या ट्रेमध्ये सुमारे पावपट रोपं गडद निघतील. तेवढीच वाफ्यात लावा. ती सगळी पट्टेरीच असणार. जागाही वाचेल आणि एक हंगामही.

धागाकर्ती

मनापासून आभार! दोन्ही जनुकं एकाच गुणसूत्रावर असतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पट्टेरी पाचांपैकी तिघांच्या खांद्यावर झाक आहे. प्रत्येकाचं बी वेगळ्या बरणीत आंबवायला ठेवते, दोन-तीन दिवसांत बुळबुळीत आवरण सुटलं की धुऊन वाळवते. एक विचारायचं राहिलं: चार गडद झाडांचं बीही ठेवू का?

प्रतिसाद २

ठेवा. त्यांच्यातही एखाद्यात जीएस दडलेलं असू शकतं, पण ते फळ धरेपर्यंत कळणार नाही. म्हणून वाफ्यातली जागा आधी पट्टेऱ्यांच्या गडद रोपांना, उरली तर यांना. आणि ग्रीन झेब्रासारखा हिरवा गर हवा असेल तर त्याचा नाद या पिढीत सोडा. त्यासाठी आणखी दोन अप्रभावी जनुकं जुळावी लागतात. आधी पट्टे आणि निळा रंग पक्के करा, हिरवा गर नंतर तुमच्याच ओळीतून निवडता येईल.

प्रतिसाद ३

पुण्याच्या गच्चीवर हे होईल का? सुट्टीत येताना थोडं बी आणता येईल का?

प्रतिसाद २

लावायचं तर पावसाळा ओसरल्यावर लावा. उन्हाळ्यात रात्री गरम झाल्या की फुलं गळतात. थंडीतलं स्वच्छ ऊन आणि गार रात्री या रंगाला फार मानवतात. बी मात्र पाकिटात घालून आणू नका. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परदेशी बियांना आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं पीक-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि टोमॅटोचे काही विषाणू बियांतूनच पसरतात.

धागाकर्ती

हो, बी मी आणणार नाही. मार्चमध्ये ट्रेचे फोटो इथेच टाकते, प्रत्येक झाडाचा वेगळा. गडद रोप नेमकं कोणतं धरायचं हे तेव्हा तुम्हाला विचारेन, कारण खोडाचा जांभळेपणा थंडीमुळे आला की जनुकामुळे, हे मला एकटीला ओळखता येईल असं वाटत नाही.

प्रतिसाद २

जरूर टाका. शेजारी 'इंडिगो रोझ'च्या आणि 'ग्रीन झेब्रा'च्या चार-चार बिया त्याच दिवशी, त्याच दिव्याखाली पेरा. तुलना त्यांच्याशी केली की शंका राहणार नाही.