मदत हवी आहे: दवाखान्याचं एक्सपान्शन आणि भाड्याच्या दुकानाचा मुआवजा (इंदूर)

मंडळी, इंदूरात कोणी जमीन अधिग्रहणाच्या केसेस बघितल्यात का? आमच्या मोहल्ल्यातल्या सरकारी दवाखान्याची नवी बिल्डिंग होतेय, सोबत रस्ता रुंद करून आजूबाजूचा भाग सुधारायचा म्हणतात. व्हायलाच हवं ते, अँब्युलन्समधून स्ट्रेचर उतरवायला धड जागा नसते. पण आत्याचं डब्याचं दुकान त्याच कडेला आहे, खेड्यातून आलेल्या पेशंटसाठी मऊ खिचडी, वरण-भात तीच करून देते. भिंतीवर लाल रंगाने मीटर लिहून गेलेत, हातात कागद काही नाही.

किरायानामा आणि गुमास्ता लायसन्स दोन्ही आत्याच्या नावाने, चांगलं जुनं. मालक म्हणतो मुआवजा सगळा माझा. विचारायला गेलं की एका ऑफिसातून दुसरीकडे पाठवतात, १८१ वर (सीएम हेल्पलाइन) तक्रार टाकलीय, आरटीआय पण लावलाय, उत्तर यायचंय.

२०१३ च्या जमीन अधिग्रहण कायद्यात तीन वर्षांपासून तिथे पोट भरणारा भाडेकरूही प्रभावित कुटुंबात मोजतात आणि प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवसांत कलेक्टरकडे आक्षेप देता येतो, एवढं वाचलंय. वकील करायला आमची ना नाही, पण आधी हे कळू दे, रस्ता जर नगर निगम स्वतःच्या कायद्याने रुंद करत असेल तर भाडेकरूला हे लागू होतं का, आणि अधिसूचना निघाली की नाही ते नक्की कुठे बघायचं?