सावलीची संगणकीय कृतिपत्रिका वर्गाला कशी द्यावी?

प्रश्न (शिक्षिका, इंदूर)

अकरावीच्या वर्गासाठी मी ज्युपिटर नोटबुकमध्ये (मजकूर आणि चालता पायथन कोड एकत्र असलेल्या फाइलमध्ये) माध्यान्हीच्या सावलीवर एक कृतिपत्रिका केली आहे. तारखेची पट्टी सरकवली की एक मीटर उंच काठीची सावली बदलते. इंदूर सुमारे 22.7 अंश उत्तरेस, म्हणजे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्यामुळे जूनमध्ये एकदा आणि जुलैमध्ये एकदा सावली नाहीशी होते, आणि मधल्या दिवसांत ती चक्क दक्षिणेकडे पडते. अडचण अशी की शाळेच्या संगणकांवर काहीही इन्स्टॉल करण्यास मनाई आहे आणि पुष्कळ मुलांचे गुगल खातेही नाही.

उत्तर (वडोदरा)

खाते नसेल तर कोलॅबचा, म्हणजे गुगलच्या ऑनलाइन नोटबुक सेवेचा, विचार सोडावा. बाइंडर या, नोटबुक दूरच्या सर्व्हरवर चालवणाऱ्या सेवेला खाते लागत नाही. मात्र तेथे सुमारे दहा मिनिटे काही हालचाल झाली नाही की सत्र बंद पडते आणि मुलांनी लिहिलेले सारे जाते. आपण फळ्यावर आकृती काढून समजावू लागलात की तेवढा वेळ सहज निघून जातो! म्हणून मी ज्युपिटरलाइट सुचवेन. त्यात पायथन ब्राउझरमध्येच चालते, सर्व्हरवर फक्त साध्या फायली ठेवाव्या लागतात. पहिल्यांदा उघडताना बरेच मेगाबाइट उतरतात, तेव्हा तास सुरू होण्यापूर्वीच सर्व संगणकांवर पान एकदा उघडून ठेवावे.

उत्तर (ग्वाल्हेर)

वरील सूचनेशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. ज्युपिटरलाइट मुलांचे काम त्याच ब्राउझरमध्ये साठवते. त्यामुळे दुसऱ्या तुकडीतील मुलाला त्याच संगणकावर आधीच्याची उत्तरे आयती मिळतील. तास संपताना प्रत्येकाने आपली फाइल उतरवून घ्यावी आणि ब्राउझरमधील साठा पुसावा.

शिवाय पट्टी लगेच हाती देऊ नये, असे माझे मत आहे. 21 जूनची सावली किती आणि कोणत्या दिशेला, हे आधी लिहून घ्यावे. ती जेमतेम सव्वा सेंटिमीटर निघते, तर 22 डिसेंबरची मीटरहून अधिक. कोड लपवलात तरी सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासून उत्तरेस वा दक्षिणेस किती अंश) काढणारी ओळ, 23.45 × sin(360 × (284 + n) / 365), उघडी राहू द्यावी, कारण n म्हणजे वर्षाचा कितवा दिवस हे कळले की अक्षांश बदलून उज्जैन किंवा भोपाळची सावली मुले स्वतः काढू शकतात.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. पट्टीसाठी आयपीविजेट्स हे पायथनचे पॅकेज वापरले आहे. ते ज्युपिटरलाइटमध्ये चालेल का?

उत्तर (वडोदरा)

चालते. नोटबुकच्या पहिल्या कोशात (सेलमध्ये) ते पॅकेज आणणारी %पिप इन्स्टॉलची ओळ, अर्थात रोमन लिपीत, तेवढी घालावी; पॅकेज ब्राउझरमध्येच येते, संगणकावर काही इन्स्टॉल होत नाही.