मुंबईच्या रस्त्यांची गाणी: १ मेच्या कार्यक्रमासाठी कोणती घ्यावीत?

लेक_गिरणगावची

नमस्कार मंडळी. १ मेला आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दीड तासाचा गाण्यांचा कार्यक्रम ठरतो आहे. विषय मुंबईचे रस्ते. आमच्या इमारतीत निम्मी बिऱ्हाडं तरी लालबाग, परळ, काळाचौकीकडून आलेली. माझे वडील गिरणीत त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईच्या खात्यात होते. १९८२च्या संपानंतर गिरणी काही परत सुरू झाली नाही. पुढे चाळीतली खोली विकून आम्ही इकडे आलो.

समितीनं एक यादी काढली आहे. सगळी हिंदी सिनेमातली गाणी, त्यात समुद्र, मरीन ड्राइव्ह, पाऊस. गाणी गोड आहेत, मलाही आवडतात, पण ज्या रस्त्यानं वडील पहिल्या पाळीला जायचे तो रस्ता त्यात कुठेच नाही. चिवडा गल्ली नाही, भारतमाता सिनेमाचा नाका नाही, करी रोडचा पूल नाही. मी बैठकीत हे बोलले तर सगळे म्हणाले, मग तुम्हीच सुचवा.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. रस्त्यावर राहणाऱ्या, चालणाऱ्या माणसाची मुंबई ज्यात आहे अशी कोणती गाणी घ्यावीत? आणि अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ घ्यायचीच आहे, पण ती लांब आहे. थोडी कमी करावी लागली तर काय ठेवावं? गायला दोन पुरुष, तीन बायका आहेत. ढोलकीवाला आहे, तुणतुणं नाही.

साचेखाते

ताई, आधी तुणतुणं मिळवा. कल्याणला भजनी मंडळं पुष्कळ, कुणाकडे तरी निघेल. मैना ही छक्कड, म्हणजे तमाशाच्या घाटातलं गाणं. तुणतुण्याशिवाय छक्कड उभी राहत नाही.

मी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होतो, संपापर्यंत. आमचं गाव पाटण तालुक्यात. लहानपणी नरे पार्कात वडिलांच्या खांद्यावर बसून शाहीर अमर शेखांना ऐकलंय. तो आवाज असा चढायचा की मैदानाच्या कडेला चण्याची पाटी घेऊन बसलेला माणूससुद्धा धंदा सोडून उभा राहायचा.

यादीबद्दल माझं म्हणणं सांगतो. मुंबईचं गाणं एकटं घेऊ नका. जोडीनं घ्या, फडावर सवाल-जवाब होतो तसं. या शहराची चांगली गाणी एकमेकांना उत्तरं देतात. एक म्हणतं मुंबई अशी, दुसरं म्हणतं थांब, माझ्या बाजूनं बघ.

पहिली जोडी पठ्ठे बापूरावांची मुंबईची लावणी आणि अण्णाभाऊंची मुंबईची लावणी. बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६. कुलकर्णीपण बाजूला ठेवून तमाशात आले, पवळाबाईबरोबर फड गाजवला. त्यांची मुंबई म्हणजे ‘रावणाची दुसरी लंका’, सोन्याची, चारी मुलखांत डंका वाजणारी. बाहेरून आलेल्या माणसाचे डोळे दिपतात, ते त्यात आहे आणि ते खरंही आहे. मी पहिल्यांदा बोरीबंदरला उतरलो तेव्हा माझंही तसंच झालं होतं.

अण्णाभाऊ वाटेगावचे, म्हणजे त्याच वाळवा तालुक्यातले. ते त्याच लावणीच्या घाटात दुसरी मुंबई मांडतात. उंचावर मलबार हिल, तिथे कुबेरांची वस्ती, आणि खाली परळात रात्रंदिवस राबणारे, मिळेल ते खाणारे. नुसती वस्त्यांची नावं घेऊन कोण कुठं झोपतं ते सांगून टाकलंय. हे माणूस नकाशा बघून लिहीत नाही, पायी फिरून लिहितो. दोन्ही लावण्या लागोपाठ घ्या, मध्ये निवेदन नको. ऐकणाऱ्याला आपोआप कळेल कोण कुणाला काय म्हणतंय.

आता मैना. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतलं हे गाणं सभेत ऐकलं तेवढंच खोलीवरही ऐकलंय. आमच्या खोलीत साताऱ्याकडचे गडी. एक पाळी कामाला गेली की दुसरी त्याच वळकटीवर आडवी व्हायची. रविवारी खानावळीतून जेवून आलं की कुणी तरी मैना काढायचं. ढोलकी नसली तर पत्र्याची ट्रंक. पहाटे निघण्याचा भाग आला, भाकरतुकडा बांधून ती वेशीपर्यंत पोचवायला निघते तो, की सगळे झील धरायचे, मागून सूर ओढायचे. पण पुढे दागिन्यांच्या ओळी आल्या, शिंदेशाही तोडे, कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, सर्जाची नथ, की झील आपोआप खाली यायची. त्यातला एकेक दागिना कुणी ना कुणी घरी कबूल करून आलेला असायचा. कुणाचा तर होता तोही सावकाराकडे गेलेला. अण्णाभाऊंनी ती यादी शोभेसाठी घातलेली नाही. ते प्रत्येक गड्याच्या डोक्यावरचं देणं आहे.

मग मुंबई येते. बेकारांची गर्दी, तिच्यात एकाची भरती. खिशात पावसाचं पाणी, आणि एका छत्रीची वाण. रस्ता म्हणाल तर एवढाच आहे त्या गाण्यात. पण आषाढात सकाळी सातच्या आत गिरणीच्या गेटावर बदली, म्हणजे गैरहजर गड्याच्या जागी दिवसाचं काम मिळतं का बघायला जो उभा राहिलाय, त्याला त्या छत्रीत सगळं दिसतं. आत घेतलं तर दिवसाचा पगार, नाही तर भिजून परत.

आणि लगेच त्याच माणसाला चळवळ गाठते. गावी राहिलेली मैना आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव तुटलेला महाराष्ट्र, दोघांची ताटातूट एकच होते. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला, त्या रस्त्यावर आमच्या चाळीतले लोक होते. १ मेला हा भाग कापलात तर गाणं कशासाठी म्हटलं हेच राहून जाईल.

तेव्हा कमी करायचंच असेल तर सुरुवातीला तिच्या रूपाचं वर्णन आहे त्यातल्या दोन-चार ओळी काढा. पहाट, दागिने, छत्री, शेवटची ताटातूट याला हात लावू नका.

ट्राम_नाका

काकांचा सवाल-जवाब डोक्यात बसला. त्या नजरेनं बघितलं तर समितीच्या यादीतली सिनेमाची गाणीही टाकून द्यायची गरज नाही.

‘सीआयडी’ (१९५६) मधलं ‘ये है बॉम्बे मेरी जान’. मजरूह सुलतानपुरींचे शब्द, ओ. पी. नय्यरांचं संगीत. रफी सगळं गाणंभर सांगतो की इथं जगणं मुश्किल, आणि शेवटी गीता दत्त येऊन म्हणते, इथं जगणं सोपं आहे. सवाल त्याचा, जवाब तिचा, एकाच गाण्यात. शिवाय त्यात बिल्डिंग, ट्राम, मोटर, मिल एका दमात येतात. ट्राम ३१ मार्च १९६४ला बंद झाली. मिल गेल्या. आता तुमच्या श्रोत्यांमधला जो कुणी सत्तरीच्या पुढचा असेल त्याच्यासाठी ती ओळ म्हणजे हजेरीपट आहे. ती ओळ गायकाला घाईत उडवू देऊ नका.

दुसरी जोडी ‘गमन’ (१९७८). उत्तर प्रदेशातून येऊन मुंबईत टॅक्सी चालवणाऱ्याची गोष्ट. शहरयारांची ‘सीने में जलन’ ही गझल, संगीत जयदेव यांचं, आवाज आपल्या सुरेश वाडकरांचा. गाडीच्या काचेतून शहर बघणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे तो: इथे प्रत्येक जण इतका त्रासलेला का? आणि त्याच सिनेमात छाया गांगुलींचं ‘आप की याद आती रही’ आहे. तो परगावी, ती गावी. काकांची मैना आणि ही, दोघी एकाच रात्री जाग्या आहेत असं मला वाटतं.

पाऊस हवाच असेल तर ‘मंझिल’मधलं ‘रिमझिम गिरे सावन’ घ्या, पण लताबाईंचं. किशोरकुमारचं मैफलीत बसून म्हटलंय. लताबाईंच्या गाण्यात दोघं खऱ्या पावसात रस्त्यावर भिजत चालतात, ओव्हल, मरीन ड्राइव्ह. तुमची समितीही खूष होईल.

मांडवीकार

मी म्हापशाचा, सध्या कामानिमित्त माहीमला. सिनेमाच्या यादीत आम्हा गोंयकारांचं नाव कधी येत नाही म्हणून लिहितो.

कोंकणी तियात्राचा, म्हणजे आमच्या गाण्यांच्या नाटकाचा पहिला प्रयोग गोव्यात झाला नाही, मुंबईत झाला. १७ एप्रिल १८९२, न्यू आल्फ्रेड थिएटर, लुकाझिन रिबेरोंचा ‘इटालियन भुरगो’. तियात्रात प्रवेशांच्या मध्ये कांतारां, म्हणजे गाणी म्हणतात, आणि मुंबईला आलेला तारवटी (बोटीवरचा खलाशी), आचारी, वाजंत्री हा त्या गाण्यांचा श्रोताही होता आणि विषयही. धोबी तलावच्या आसपास गावागावांचे कूड होते, म्हणजे एका गावच्या लोकांची सामायिक राहण्याची जागा. पेटी एका भिंतीला, देवाची खोली समोर, बोट मिळेपर्यंत मुक्काम. माझा आजोबा असाच एका कुडात राहून बोटीवर चढला. काकांनी सांगितलेली वळकटीची खोली आणि आमचा कूड, दोन्ही एकाच शहरानं बनवले.

तुमच्या कार्यक्रमात एक तरी कांतार घ्या. भाषा जवळचीच आहे, लोकांना कळेल. आणि सिनेमाच्या त्या गाण्यांमागे ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन वाजवणाऱ्यांत गोव्याचे लोक किती होते तेही निवेदनात सांगा. रस्त्यावरच्या गाण्याला तो झगझगीत आवाज त्यांनी दिला.

गोरेगाव_पूर्व

सगळं वाचलं, खूप आवडलं. पण एक बाजू राहते आहे. इथे सगळी गाणी मुंबईत *आलेल्या* माणसाची आहेत. जे इथलेच होते त्यांचं काय? कोळीगीतं आहेत, ती सगळ्यांना माहीत आहेत. वारली कुणाला आठवत नाहीत.

मी आरेच्या जवळ राहते. आरेच्या जंगलात आदिवासी पाडे आहेत, आणि तिथले प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘स्वदेसी’ या मुंबईच्या रॅप गटानं ‘द वारली रिव्होल्ट’ केलं, २०१९मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं रातोरात कापली गेली. आम्ही काही जणी त्या रात्री रस्त्यावर होतो. करवतीचा आवाज आत, बॅरिकेड मध्ये, आणि बाहेर आम्ही. तेव्हापासून ते गाणं मी नुसतं गाणं म्हणून ऐकू शकत नाही. शहर वाढतं तेव्हा रस्ता कुणाच्या अंगणातून जातो, हा सवाल त्यात आहे. त्याचा जवाब कुठल्याच गाण्यात मला अजून सापडलेला नाही.

सोसायटीतली मुलं रॅप म्हणतात ना? त्यांना द्या हे. त्यांना डिव्हाइन आणि नेझीचं ‘मेरे गली में’ (२०१५) पाठ असेलच, कुर्ल्या-अंधेरीच्या गल्ल्या त्यात आहेत. शाहिरीत आणि यात मला फार अंतर दिसत नाही. गर्दीत उभं राहून आपल्या वस्तीचं नाव मोठ्यानं घ्यायचं, हेच दोघं करतात.

लेक_गिरणगावची

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी नव्यानं केली. दोन मुंबईच्या लावण्या लागोपाठ, मग ‘सीआयडी’, ‘गमन’मधली दोन्ही, एक कांतार (मांडवीकार, निवडायला मदत कराल का?), मुलांचं वारली रॅप, लताबाईंचा पाऊस, शेवटी मैना. तुणतुणं कोळसेवाडीत मिळालं.

एक शंका उरली आहे. साचेखाते काका, मैनेत सगळं तोच बोलतो. ती काय म्हणते? ‘गमन’मध्ये तिला तिचं गाणं आहे, आपल्या मैनेला का नाही? काल आईला हे विचारलं तर ती म्हणाली, गावाकडं जात्यावर आम्ही मुंबईच्या ओव्या म्हणायचो की. आणि तिनं म्हणून दाखवल्या. त्यात आगगाडी आहे, गिरणीचा भोंगा आहे, मनिऑर्डर घेऊन येणारा पोस्टमन आहे. यातला एकही तिनं तेव्हा डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, पोस्टमन सोडला तर. आई म्हणायला तयार आहे. पण मैनेच्या आधी घेऊ की नंतर? आणि ढोलकीवाला म्हणतो तो हलका ठेका धरेल.

साचेखाते

ताई, हे मिळालं हे फार मोठं काम झालं. हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्यात मुंबईच्या पुष्कळ आहेत. आईंना आणखी आठवत नसतील तर त्यातून आठवतील.

ओव्या मैनेच्या नंतर घ्या. आधी घेतल्या तर लोक त्यांना प्रस्तावना समजतील. नंतर घेतल्या की तो जवाब होतो. शेवट शाहिरीच्या जोरावर व्हावा असं समितीला वाटेल, तरी ऐकू नका.

ढोलकी अजिबात नको. ओवीला जात्याची लय असते, ती आईंच्या श्वासात आहे, ठेका धरला की त्या ठेक्यामागे धावतील. जातं मिळालं तर बघा, नाही तर बसून म्हणू द्या. माइक मात्र जवळ ठेवा, स्टँडवरचा नको, बसलेल्या माणसाच्या तोंडापर्यंत तो येत नाही. आणि शेवटच्या ओवीत आईंना वडिलांचं नाव घालायचं असेल तर विचारून ठेवा. आमच्याकडे बायका तसं घालायच्या.