ब्लॉक झिरो करायला पॅचमध्ये डिस्कार्ड वापरलंय, पास करू का?

रात्रपाळी: आमची एक छोटी फाइलसिस्टिम आहे, लिनक्सवर मॉड्यूल म्हणून चालते. टीममधल्या पोराने पॅच टाकलाय, फाइलमधली रेंज झिरो करायची तर त्या ब्लॉकवर डिस्कार्ड पाठवतो आणि मोकळा होतो. म्हणतो माझ्या एसएसडीवर परत वाचलं की शून्यच येतात. मला खटकतंय, पण रिव्ह्यूत नेमकं काय लिहू?

बिटबाबा: अजिबात पास करू नका. डिस्कार्ड म्हणजे डिस्कला नुसतं सांगणं की हे मला नको आता, पुढे ऐकायचं की नाही ती तिची मर्जी, त्याच्याकडे शून्य आले म्हणून सगळीकडे येतील असं नाही आणि नाही आले तर कुणाच्या तरी डिलीट केलेल्या फाइलचा डेटा भलत्याच युजरच्या फाइलमध्ये दिसणार. पूर्वी सिसएफएसमध्ये (कर्नल डिव्हाइसची माहिती जिथे फाइलरूपात दाखवतो तिथे) डिस्कार्डनंतर शून्य येतात का ते सांगणारी डिस्कार्ड_झिरोज_डेटा म्हणून फाइल होती, तिच्यावर लोक विसंबायचे, कर्नल 4.12 पासून (2017) ती कायम 0च दाखवते. त्याला कर्नलचं ब्लॉकडेव्ह_इश्यू_झिरोआउट हे फंक्शन वापरायला सांगा. डिस्कला राइट झिरोज कमांड येत असेल तर ती जाते, नाहीतर कर्नल स्वतः शून्य लिहीत बसतो. हळू आहे पण खात्रीचं. नोफॉलबॅक फ्लॅग (कमांड नसेल तर स्वतः लिहू नको असं सांगणारा) दिला असेल तर मात्र एरर परत येते, ती तपासलीय का बघा.

जुनीपेज: +1. अजून एक, ब्लॉक नंबरचे सेक्टर (512 बाइटचे तुकडे) करताना 4 केबीच्या ब्लॉकला डावीकडे 3 शिफ्ट लागतो, तो 32 बिट व्हेरिएबलवर केला आणि आधी 64 बिटच्या सेक्टर_टी प्रकारात कास्ट नाही केलं तर 2 टीबीच्या पुढे आकडा गुंडाळून डिस्कच्या सुरुवातीला येतो, म्हणजे झिरो करायचं होतं एक आणि पुसला सुपरब्लॉक, म्हणजे फाइलसिस्टिमची मूळ माहितीच 😀 आणि रेंज ब्लॉकच्या मधूनच सुरू होत असेल तर दोन्ही टोकांचे अर्धवट ब्लॉक पेज कॅशमधूनच (फाइलच्या डेटाची मेमरीतली प्रत) झिरो करायचे. मधल्या भागाची कॅशमधली डर्टी पेजेस (बदललेली, पण डिस्कवर अजून न लिहिलेली) आधी काढून टाका, नाहीतर तुम्ही झिरो केल्यावर मागून राइटबॅक येऊन जुना डेटा परत लिहून जाईल.

रात्रपाळी: कास्ट खरंच नाहीये! टेस्टची डिस्क 512 जीबीची, कळणार कसं. ईएक्सटी4 तर झिरो रेंजला एक्सटेंट (सलग ब्लॉकचे पट्टे) नुसते अनरिटन, म्हणजे 'अजून लिहिलेलं नाही, शून्य समजा' असं मार्क करतं ना? आमच्या फॉरमॅटमध्ये तसा बिटच नाही.

बिटबाबा: मग लिहिण्यावाचून सुटका नाही. नवे ब्लॉक असतील तर आधी शून्य, मग फ्लश (डिस्कच्या कॅशमधलं पक्कं लिहून घेणं), मग मेटाडेटा (कुठल्या फाइलचे कुठले ब्लॉक ही नोंद) कमिट. क्रम उलटा झाला आणि मध्ये लाइट गेली तर फाइल जुन्या कचऱ्याकडे बोट दाखवत उठेल. आणि पॅच घ्यायच्या आधी एक्सएफएसटेस्ट्स या फाइलसिस्टिम चाचण्यांच्या संचातला एफएसएक्स (फाइलवर यादृच्छिक वाचन-लेखन करून तपासणारा प्रोग्राम) रात्रभर लावून ठेवा, टोकांच्या चुका तोच पकडतो.